लांजीचा किल्ला आणि निनवेचे कारकून

बालाघाटहून लांजीकडे निघाले म्हणजे किरनापूर मागे पडले तरी दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्यांखेरीज डोळ्यांस दुसरे काही दिसत नाही. पौषात धान निघून गेलेले असते आणि उरलेल्या ओलीवर पेरलेली लाखोळी निळ्या फुलांनी डवरलेली असते. साठएक किलोमीटरांची ही वाट मी आजवर किती वेळा केली असेल, त्याचा हिशेब नाही. कधी परीक्षा केंद्राच्या कामासाठी, कधी कोटेश्वर महादेवाच्या दर्शनासाठी, आणि बहुतेक वर्षी नववीच्या मुलांना किल्ला दाखवण्यासाठी. सरकारी शाळेच्या सहलीला खर्चाची परवानगी जेवढी मिळते, तेवढ्यात लांजीच बसते, हेही एक कारण आहेच.

लांजीचा किल्ला पाहून रायगड-प्रतापगड पाहिलेल्या माणसाची थोडी निराशा होते. येथे डोंगर नाही, कडा नाही. सपाट मुलखात उभा असलेला तट, त्याचे बुरूज, आत माजलेली झाडी आणि वटवाघळांचा वास. हा किल्ला गोंड राजवटीतला. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमलात येथे त्यांचा कमाविसदार बसत असे, म्हणजे सभोवतालच्या परगण्याचा वसूल येथे गोळा होई. गावाला नाव मिळाले ते लांजकाई देवीवरून, अशी समजूत आहे.

दोन वर्षांमागे अशाच एका सहलीत मी मुलांना बुरुजाच्या सावलीत बसवून नेहमीचा पाठ म्हणत होतो. आधी गोंड, मग भोसले, मग १८५४ नंतर इंग्रज, मग १८६७ साली मंडला, शिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे तुकडे काढून केलेला आपला बालाघाट जिल्हा. बैहरकडचा एक गोंड मुलगा वसतिगृहात राहून शिकत होता. तो सहसा बोलत नसे. त्याने हात वर केला आणि विचारले, "सर, किल्ला आमच्या राजाचा होता, तर मग आमचे लोक येथून गेले कुठे?"

मी काहीतरी उत्तर दिले. डोंगराकडे गेले, असे म्हणालो असेन. मुलगा खाली बसला. पण गाडीत परत येताना मला चैन पडेना, कारण प्रश्न त्याने गोंडांविषयी विचारला होता आणि उत्तराचा अर्धा भाग माझ्या घराण्याशी येऊन भिडत होता.

त्याचे कारण सांगण्यापूर्वी लांजीच्या एका जुन्या उल्लेखाकडे वळले पाहिजे. छत्तीसगडातील रतनपूर येथे कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याचा इसवी सन १११४ चा शिलालेख सापडला. त्यात या राजाला वार्षिक कर देणाऱ्या मंडलाधिपतींची नावे ओळीने दिली आहेत. कोसल, आंध्र, खिमिडी, वैरागर, आणि त्याच रांगेत लंजिका. ही लंजिका म्हणजेच आपली लांजी, असे विद्वान मानतात. म्हणजे लेखांतून या गावाची जुनी ओळख होते ती कोणा शूराची जन्मभूमी किंवा देवस्थान म्हणून होत नाही. खंडणी देणाऱ्यांच्या यादीतले एक नाव म्हणून होते. विजेत्याने यादी कोरवून घेतली, म्हणून लांजी आपल्याला ठाऊक.

याद्यांचा हा शौक जगात प्रथम कोणी पराकोटीला नेला असेल, तर तो असीरियन लोकांनी. आजच्या इराकच्या उत्तर भागात, टायग्रिस नदीच्या काठी त्यांचे राज्य होते. अश्शूर हे त्यांच्या देवाचे नाव आणि त्यांच्या मूळ नगराचेही. या नावावरून आपल्या पुराणांतील असुरांशी नाते जोडण्याचा मोह पुष्कळांना झाला आहे. मी तो येथे आवरतो.

वाचकांपैकी जे मुंबईला जात असतील त्यांनी एक तास काढून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. आम्ही जुन्या सवयीने त्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच म्हणतो. गोंदियाहून सुटणाऱ्या विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर बसून गेलो आणि दुसऱ्याच दिवशी तेथे पोचलो, तो खरे तर भारतीय मूर्ती पाहायला. पण पाय अडखळले ते असीरियन शिल्पपटांपुढे. निमरूद येथील राजवाड्याच्या भिंतींवरचे हे दगड. दाढीची घट्ट कुरळी वेटोळी, दंडाचे आणि पोटऱ्यांचे ताणलेले स्नायू, आणि चेहऱ्यावर दया नाही, रागही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लेयार्ड या इंग्रज संशोधकाने निमरूद खणले. ती शिल्पे तराफ्यांवरून नदीने बसऱ्यास आणि तेथून जहाजाने मुंबईमार्गे विलायतेस जात. मुंबईत काही पेट्या उघडल्या गेल्या, लोकांनी त्या पाहिल्या, आणि काही दगड येथेच राहिले. मोठा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो मी पुस्तकांतील छायाचित्रांवरूनच पाहिला आहे.

त्या मुंबईभेटीनंतर मी असीरियनांवर मिळेल ते वाचू लागलो. त्यांच्या सैन्याचे वर्णन वाचताना आपण तीन हजार वर्षांपूर्वीचे वाचत आहोत, हे विसरायला होते. लोखंडाची शस्त्रे, रथ, भालाईत, धनुर्धर, तट फोडणारे चाकांवरचे मेढे, फुगवलेल्या कातड्यांवर पालथे पडून नदी पार करणारे शिपाई. घोडदळ त्यांच्याकडे नवे होते, आणि आरंभीची त्यांची रीत मोठी गमतीची आहे. स्वार जोडीजोडीने जात. एकजण दोन्ही घोड्यांचे लगाम धरी आणि दुसरा मोकळ्या हातांनी बाण सोडी. रथात सारथी आणि योद्धा असतात, तोच जोड त्यांनी घोड्याच्या पाठीवर नेला. पुढे स्वार एकट्याने दोन्ही कामे करू लागले. इसवी सनापूर्वी ७४५ ते ७२७ या काळात तिसरा तिग्लथ-पिलेसर याने या फौजेला बळकट रूप दिले. पूर्वी शेतीची कामे आटोपली की शेतकरी मोहिमेवर निघत. आता राजाच्या पदरी बारमाही लष्कर आले. जिंकलेल्या देशांतील उत्तम सैनिकही त्यात भरती होऊ लागले.

पण शस्त्रांनी हे राज्य जेवढे वाढले, त्याहून अधिक ते धाकाने वाढले, असे मला वाचता वाचता वाटू लागले. इसवी सनापूर्वी ८८३ ते ८५९ या काळातला राजा दुसरा असुरनासिरपाल आपल्या लेखांत बंडखोरांची कातडी सोलल्याचे आणि मुंडक्यांचे ढीग रचल्याचे अभिमानाने नमूद करतो. ही कृत्ये इतर राजांनीही केली असतील. ती लपवण्याऐवजी कोरून ठेवावी, हे विशेष. आणि कोरावी तरी कोठे? खुद्द सिंहासनाच्या दालनात. परराज्यांचे वकील नजराणे घेऊन त्या दालनात उभे राहत तेव्हा त्यांच्या दोहो बाजूंना पडणारी नगरे आणि मरणारी माणसे दगडात दिसत. एक नगर जाळावे, त्याचे चित्र भिंतीवर काढावे, आणि पुढची दहा नगरे न लढता कर पाठवतील. सावकार मुद्दल एकदाच देतो आणि व्याज वर्षानुवर्षे घेतो, त्यातलाच हा प्रकार.

इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये सेन्नाकेरिब राजाने यहुदी लोकांचे लाखीश नगर घेतले. त्याची चित्रमालिका त्याने आपल्या निनवे येथील राजवाड्यात एका खास दालनात बसवली होती. तटापर्यंत रचलेला दगडमातीचा उतार, त्यावरून चढणारे मेढे, वरून पडणारे पेटते पलिते. आणि एका बाजूस वेशीतून बाहेर पडणारी कुटुंबे. बैलगाडीवर बोचकी, बोचक्यांवर मुले. माझी नजर त्या गाडीवरच खिळली. असीरियन लोक जिंकलेल्या प्रजेला अशी उचलून दूर प्रांतात नेत आणि तेथील पडीक जमिनीवर बसवत. सेन्नाकेरिबाच्या लेखात त्या मोहिमेत ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचे आणि २,००,१५० माणसे बाहेर काढल्याचे नोंदले आहे. दोन लाखांवर थांबला नाही; वरचे दीडशेही धरले. आकडा खरा असो वा फुगवलेला, तो मांडण्याची तऱ्हा माझ्या ओळखीची होती. शाळेचा पट मी असाच मांडतो.

ते मांडणारे हातही शिल्पांत आहेत. लढाई संपलेली असते, शिपाई कापलेली मुंडकी आणून टाकत असतात, आणि शेजारी दोन माणसे शांत उभी असतात. त्यांच्या हाती तलवार नसते. एकाच्या हाती पाटी असते, तिच्यावर तो बाणाग्रलिपीत नोंद करतो. दुसऱ्याच्या हाती गुंडाळी असते, तिच्यावर तो अरमाईक लिपीत लिहितो. ते मोजताहेत. दोन भाषांत, म्हणजे हिशेबात तफावत राहू नये. हे कारकून मी एकदा पाहिले आणि मला माझे घर आठवले.

आमच्या घराण्याचे मूळपुरुष चिमणाजी भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत होते, असे वडील सांगत आणि त्यांचे वडीलही सांगत. खंडेनवमीला देवघरापुढे पाटावर एक तलवार मांडली जाते, तिला झेंडूची माळ घालतात. लहानपणी त्या तलवारीकडे पाहून आम्हा भावंडांची छाती फुगे. पण त्याच पाटावर, जरा मागे, एक पितळी कलमदान असते. तेही त्याच पुरुषाचे. ते गृहस्थ फौजेत लेखनाच्या कामावर होते, लढवय्ये नव्हते, हे वडिलांनाही ठाऊक होते. सांगताना तेवढे मात्र ते गाळत. तलवार कोठून आली, हे कोणी सांगत नसे.

ती स्वारी तरी कशी झाली? १७७९ मध्ये पुण्याचे नाना फडणीस, हैदर, निजाम आणि नागपूरकर अशी इंग्रजांविरुद्ध जूट झाली. बंगालवर जाण्याचे काम मुधोजी भोसल्यांकडे आले, आणि त्यांनी चिमणाजी या आपल्या मुलाबरोबर सुमारे ३०,००० स्वार धाडले. फौज अगदी सावकाश चालली, महिनेच्या महिने लावून कटकला पोचली. मुधोजींचा वॉरन हेस्टिंग्जशी आतून सलोखा होता. शेवटी इंग्रजांकडून मोठी रक्कम घेऊन फौज परत फिरली. बंगालवर स्वारी झालीच नाही! पोवार समाजाच्या परंपरेत मात्र या मोहिमेची आठवण वेगळ्या कारणाने टिकली आहे. चिमणाजींना केलेल्या साह्याबद्दल त्यांना वैनगंगेच्या पश्चिमेकडील पडीक आणि रानजमिनी बक्षीस मिळाल्या, असे जुन्या गॅझेटियरांत आणि जातिवर्णनांत नोंदलेले आहे. वैनगंगेचे खोरे आज धानाने पिकते त्याची मुळे अशी त्या वेळच्या दौलतीत आहेत.

हे वाचून मला आधी हायसे वाटले. म्हणजे आमच्या पूर्वजाच्या मोहिमेत बंगालात कोणाचे घर जळले नाही. त्यांनी फार तर दाणावैरण लिहिली असेल, घोड्यांचे डाग तपासले असतील, आलेल्या रकमेची पावती केली असेल. पण रक्कम का आली? लढल्यावाचून इतके पैसे कोणी का द्यावे? त्याचे उत्तर मला पुस्तकात मिळण्याआधी घरातच मिळाले.

माझी सूनबाई जबलपूरच्या बंगाली घरातली. मुलाने लग्न ठरवले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी फक्त एवढेच विचारले की, मासळीचे भांडे वेगळे ठेवता येईल ना. पुढे नातू झाला. एका रात्री वीज गेली होती, मी ओसरीवर बसलो होतो आणि आतून सूनबाई बाळाला जोजवत असल्याचा आवाज येत होता. चाल फार गोड. शब्द कळत नव्हते, पण एक शब्द दोनदा कानी आला, आणि मी ताठ बसलो. बर्गी.

सकाळी मी विचारले. ती लाजली. "काही नाही हो बाबा, जुनं अंगाईगीत आहे. आमच्याकडे सगळेच म्हणतात. आई म्हणायची, आजी म्हणायची."

"पण अर्थ काय?"

तिने पोळी लाटता लाटता, मान वर न करता सांगितला. बर्गी येतील या भयाचे ते गाणे आहे, आणि पिकाचे दाणे पाखरांनी खाल्ले, आता सारा कशाने भरावा, अशी त्यात चिंता आहे. मग ती म्हणाली, "बाबा, लग्न होईपर्यंत मला माहीतच नव्हतं, बर्गी म्हणजे कोण ते."

बर्गी म्हणजे बारगीर. मराठी फौजेत ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचे तो शिलेदार, आणि ज्याला ती सरकारातून मिळतात तो बारगीर. आपल्या शब्दकोशात हा एक साधा लष्करी शब्द आहे. तोच वैनगंगेहून निघून गंगेपर्यंत गेला आणि मुलांना झोपवण्याचा बागुलबोवा झाला.

१७४२ मध्ये रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालात उतरले. बरद्वानचा मुलूख लुटला गेला, मुर्शिदाबादेत जगतशेठांची पेढी लुटली गेली. इंग्रजांनी घाबरून कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला. तो मराठा डिच या नावाने पुढे कितीतरी वर्षे ओळखला जाई. त्याच वर्षी काटवा येथे भास्करपंतांनी थाटाने दुर्गापूजा मांडली आणि ती पुरी होण्यापूर्वीच नवाब अलिवर्दीखानाने छापा घातला. १७४४ मध्ये मानकऱ्याच्या छावणीत बोलणीसाठी बोलावून भास्करपंतांचा आणि त्यांच्या सरदारांचा दग्याने वध झाला. हा दगा आपल्या पुस्तकांत सविस्तर असतो. १७५१ मध्ये तह झाला, ओरिसाचा वसूल भोसल्यांकडे आला, आणि बंगालच्या चौथाईदाखल सालीना १२ लाख रुपये ठरले. हेही असते. मधल्या दहा वर्षांत खेड्यांचे काय झाले, ते गंगाराम नावाच्या कवीने बंगालीत लिहून ठेवले आहे. त्याच्या महाराष्ट्र-पुराणाचे हस्तलिखित त्याच १७५१ सालचे आहे. पोथ्या काखेत घेऊन ब्राह्मण पळताहेत, तराजू घेऊन सोनार पळताहेत, जो तो आपापल्या धंद्याची हत्यारे उचलून वाट फुटेल तिकडे निघाला आहे. गंगारामाच्या मते आधी देव मराठ्यांच्या बाजूने होते, कारण नवाबाच्या राज्यात पाप वाढले होते. पण ब्राह्मण-वैष्णवांच्या आणि स्त्रियांच्या हत्या पाहून देवी रुष्ट झाली. हे मी वाचले तेव्हा लाखीशच्या वेशीतली बैलगाडी पुन्हा डोळ्यांपुढे आली.

मराठ्यांना असीरियनांच्या पंक्तीला बसवण्याचा माझा हेतू नाही, आणि तसे करणे खोटेही ठरेल. भोसल्यांनी कोणाची प्रजा उचलून नेली नाही, आणि आपल्या वाड्याच्या भिंतीवर मुंडकी कोरवली नाहीत. त्यांच्या पदरचे बखरकार मोहिमेची लूट सांगतात, रयतेचे हाल मिरवत नाहीत. पण १७४२ ते १७५१ या वर्षांत जे भय पेरले गेले, त्याचेच पीक तीस वर्षांनी कटकला बसल्याजागी कापले गेले, यात मला शंका वाटत नाही. आमच्या मूळपुरुषाने लिहिलेली पावती, जर त्यांनी ती लिहिली असेल, तर त्या व्याजाची होती.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. लांजीचे गोंड गेले कुठे? त्यांना कोणी गाड्यांत घालून नेले नाही. येथे नांगर पुढे आला आणि रान मागे हटले. खालच्या खोऱ्यात वसूल देणारी वस्ती वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मण नाईक नावाच्या पोवार पुढाऱ्याने घाटावर परसवाड्याच्या पठारावर गावे वसवली, आणि इंग्रजी अमलात ब्लूमफील्ड या आरंभीच्या डेप्युटी कमिशनरांनी बैहर तहसिलीत खोऱ्यातील शेतकरी बोलावून बसवण्यास उत्तेजन दिले. लढाई नाही, तलवार नाही. परगण्याच्या वहीत एक एक गाव चढत गेले. हे काम लेखणीचे.

इसवी सनापूर्वी ६१२ मध्ये बाबिलोनी आणि मिडी फौजांनी निनवे बेचिराख केले. त्यानंतर दोनशे वर्षांनी झेनोफन हा ग्रीक सेनानी आपल्या सैनिकांसह त्या ओसाड तटांजवळून गेला. हे कोणाचे, असे विचारता त्याला उत्तर मिळाले, मिडी लोकांचे. ज्यांनी जगाची यादी ठेवली त्यांचे नाव शेजारच्या खेड्यातही उरले नव्हते.

यंदाच्या खंडेनवमीला पाट मांडताना मी कलमदान पुढे घेतले आणि तलवार मागे सरकवली. सौभाग्यवतींनी पाहिले, पण काही बोलल्या नाहीत. सूनबाई नातवाला कडेवर घेऊन आली. त्यांच्याकडे तो दिवस महानवमीचा. तिने सकाळपासून उपास धरला होता. तिने दोन्हींवर फुले वाहिली. नातवाने कलमदान ओढायला हात घातला, ते त्याला उघडून दाखवावे लागले. आत वाळलेल्या शाईचा एक खडा आहे.

तो गोंड मुलगा आता अकरावीत आहे. मी वरचे सारे त्याला एकदा शाळा सुटल्यावर बसवून सांगितले, बक्षिसाच्या जमिनी, पठारावरची गावे आणि माझे कलमदान यांच्यासह. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, आमच्या गावात एक म्हातारे आहेत, त्यांना जुनी गाणी येतात. तुम्ही याल का?" पौषात, धानाची खळी आटोपली की, जायचे ठरले आहे.